अक्कांच्या खोलीची कडी

१

आमच्या घराचा नकाशा कुणी शांत डोक्यानं काढलेला नाही, हे आत पाऊल टाकल्याबरोबर कळतं. सासऱ्यांनी सोलापुरात बाळीवेशीजवळ ही जागा घेतली तेव्हा आधी एकच खोली बांधली, स्वयंपाकाची. मग जमेल तशी तिला एकेक खोली चिकटवत गेले. पुढे बैठक, डावीकडे निजायची खोली, मागे न्हाणीघर आणि परस, उजवीकडे पत्र्याची एक चिमुकली खोली. त्यामुळे घरात कुठूनही कुठंही जायचं असेल तर स्वयंपाकघरातूनच जायचं. चार भिंती आणि चार दारं. मी फोडणी देत असताना पाहुणे टॉवेल सावरत मागून न्हाणीघरात जातात आणि "वास छान येतोय हं वहिनी" असंही म्हणतात. गावातल्या गजबजलेल्या चौकाच्या नावावरून मी त्याला आमचा सात रस्ता म्हणते. फक्त सिग्नल बसवायचा राहिलाय.

तेहतीस वर्षं मी हायस्कुलात गणित शिकवलं आणि तेवढीच वर्षं हे स्वयंपाकघर मनातल्या मनात पाडून पुन्हा बांधलं. गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. माझे यजमान महेश्वर त्याआधी वर्षभर कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. संक्रांत उरकली आणि मी विषय काढला. निजायच्या खोलीचं दार बुजवून बैठकीतून काढायचं, उजवीकडची भिंत पाडायची आणि ती पत्र्याची खोली स्वयंपाकघरात घ्यायची.

"म्हणजे अक्काची खोली," महेश्वर म्हणाले.

"रिकामीच आहे की ती."

"हो. रिकामीच आहे." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तू म्हणशील तसं."

अक्का म्हणजे महेश्वरांची थोरली बहीण, दानम्मा. त्यांचं लग्न झालं नाही. आई लवकर गेली तेव्हा त्यांनीच भावाला वाढवलं, शिकवलं, माझ्याशी लग्न लावून दिलं आणि मग त्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेल्या. चार वर्षांपूर्वी एप्रिलात त्या गेल्या. खोली तशीच आहे. खाट, ट्रंक, भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो, बोळाकडे उघडणारी हातभर खिडकी. बाहेर पडायला एकच दार, तेही स्वयंपाकघरात उघडणारं. कडी स्वयंपाकघराच्या बाजूनं.

आराखडा काढायला मी ऋतुजाला बोलावलं. ती माझी विद्यार्थिनी, आता घरांची अंतर्गत सजावट करते. भूमितीत तिला पैकीच्या पैकी मिळाले होते, म्हणून भरवसा. ती टेप घेऊन मापं घ्यायला लागली आणि तेवढ्यात फाटकाशी सिलिंडरवाला आला. त्याच्याशी माझी नेहमीप्रमाणे हुज्जत झाली. परत आले तर ऋतुजा पर्स खांद्याला लावून उभी होती.

"आतल्या खोलीचं माप पुन्हा कधीतरी घेते, बाई," ती म्हणाली. चहाही न घेता गेली.

२

चार दिवसांनी आराखडा मोबाइलवर आला. मी तो मोठा करून करून पाहिला. ओटा, सिंक, कपाटं, सगळं मनासारखं. फक्त उजव्या कोपऱ्यात, जिथं अक्कांची खोली संपते तिथं, एक बुटका चौकोन काढला होता. उंची अठरा इंच. मी ऋतुजाला फोन लावला.

"हे कोपऱ्यात काय काढलंयस गं? ओटा आहे की पाट?"

"खालचा ओटा आहे, बाई. बसून काम करायला."

"बसून कोण काम करणारंय?"

ती अडखळली. "आजी. त्यांनीच सांगितलं ना."

"कोण आजी?"

"आतल्या खोलीतल्या. तुम्ही फाटकाशी होतात तेव्हा मी त्या भिंतीला टेप लावली, तर आतून विचारलं, काय करतेस पोरी. मी सांगितलं. तर म्हणाल्या, मला आता उभं राहवत नाही, माझ्यापुरतं काहीतरी खाली ठेव. मी म्हटलं, ठेवते."

"तू पाहिलंस त्यांना?"

"नाही. दाराला आपल्या बाजूनं कडी होती." मग ती घाईघाईनं बोलली, शाळेत चूक कबूल करताना बोलायची तशी. "बाई, रागावू नका. पण एवढ्या वयाच्या माणसाला असं कडी लावून... मी घरी आईलाही बोलले नाही. पण मला दोन दिवस झोप नाही."

"अगं वेडे," मी हसले. मला हसता आलं याचंच मला नवल वाटलं. "त्या शेजारच्या शरणम्मा. खोलीची खिडकी त्यांच्या बोळात उघडते. त्या तिथून बोलल्या असतील. त्यांना सगळ्यांच्या घरात बोलायची सवयच आहे."

"हो का," ऋतुजा म्हणाली. मुलांना गणित कळलेलं नसलं की ती असंच 'हो' म्हणतात. तो खालचा ओटा काढून टाक, असं मी तिला सांगितलं आणि फोन ठेवला.

मग मी अक्कांच्या दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती. त्याच दिवशी सकाळी मी ती खोली झाडून घेतली होती. दार उघडं टाकलं होतं, हवा खेळावी म्हणून. हे मला पक्कं आठवत होतं.

३

गणिताच्या बाईला भीती वाटली तर ती मोजायला लागते. मी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. सकाळी सात, उघडी. नऊ, उघडी. अकरा, बंद. मी उघडायची. दुपारी तीन, बंद. महेश्वरांना विचारलं, तुम्ही लावता का. ते म्हणाले, "मी कशाला त्या दाराला हात लावू?" आणि खरंच, अक्का गेल्यापासून ते त्या खोलीत गेलेले मला आठवत नाहीत.

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी मी दुधाचं पातेलं घेऊन परसात चालले होते आणि माझा डावा हात वर गेलेला मला दिसला. त्यानं जाता जाता अक्कांचं दार ओढलं, कडी उचलली, कोयंड्यात अडकवली आणि पुन्हा पातेल्याला धरलं. पाऊलसुद्धा थांबलं नाही.

मीच लावत होते.

मी ओट्याला टेकून हसत सुटले. इतकं बरं वाटलं! हाताची सवय, दुसरं काही नाही. सायकल विसरत नाही तसा हात कडी विसरला नव्हता. ऋतुजा आली त्या दिवशीही मीच लावली असणार आणि बोललेल्या शरणम्मा असणार. हिशेब जुळला. मी कॅलेंडरवरची सगळी पेन्सिल खोडून टाकली.

खोडता खोडता मात्र हसू आटत गेलं. हाताला ही सवय लागली कधी, हे महेश्वरांनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? त्यांनी विचारलं नाही. त्यांनी कधीच काही विचारलं नाही, आणि मी त्याच्यावरच चार वर्षं काढली होती. शिवाय शरणम्मांच्या घराची किल्ली पंधरा दिवसांपासून माझ्याच फ्रिजवर पडून होती. त्या अक्कलकोटला मुलीकडे गेल्या होत्या आणि झाडांना पाणी घालायला मला सांगून गेल्या होत्या. ऋतुजाशी बोलतानाही हे मला माहीत होतं.

४

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी जोतीराम मिस्त्री भिंत बघायला आला. पन्नाशीचा, मोहोळकडचा, बोलायला मोकळा. आल्याआल्या त्यानं चारही दारांतून एकेक फेरी मारली.

"बाई, ह्ये घर हाय का येष्टी स्टँड? जिकडून बगावं तिकडून माणूस येतंय."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलंय."

"हुतंय की. लई सोपं हाय. ही भित काडली की मोकळं." असं म्हणत त्यानं हातोड्याच्या दांड्यानं भिंतीवर ठोकून पाहिलं, आतून पोकळ आहे का भरीव ते. तीन वेळा ठोकलं.

पलीकडून थाप आली. थप, थप, थप. तळहाताची, सपाट. सोलापुरात लहानाचा मोठा झालेला कुणीही तो आवाज ओळखेल. परातीत भाकरी थापताना होतो तो.

जोतीराम हसला. "आत कोन भाकऱ्या थापतंय?"

"शेजारी," मी म्हणाले. "भिंती पातळ आहेत."

तो हसतच वळला आणि मग त्याचं हसू गेलं. "शेजारी न्हाय, बाई. ह्या दारावर हाय थाप. कडी बगा की."

कडी कोयंड्यात अडकवलेली होती आणि प्रत्येक थापेला जराशी उचलून खाली पडत होती. लोखंडाचा बारीक आवाज येत होता. पाच-सहा थापा झाल्या, मग थांबल्या. मग पुन्हा दोन, लांब लांब.

"वारं असेल," मी म्हणाले.

जोतीरामनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत भीती नव्हती. मला भीती चालली असती. त्याला माझी किळस आली होती.

"माजी आय धा वरसं अंथरुनावर हुती," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाची थाप मला कळती. दमून दमून मारतंय. आदी म्हातारीला भायेर काडा, मग मला बोलवा. जितं माणूस कोंडलंय तितं मी हातोडा न्हाय मारनार."

पिशवी उचलून तो बैठकीतून निघून गेला. मी कडी काढली. दार अलगद आत गेलं. खाट, ट्रंक, फोटो, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा समोरच्या भिंतीवर. कुणी नव्हतं. मी खाली वाकून दाराजवळच्या फरशीला हात लावला. तिथं ऊन कधीच येत नाही. एवढीच एक फरशी गरम होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. बाजूच्या सगळ्या गार होत्या. मी दोनदा हात लावून बघितला.

५

आता सांगते. इतकं लांबवलं, कारण सांगायची सवय नाही.

शेवटच्या दोन वर्षांत अक्कांना विसर पडायला लागला. गॅस सोडायच्या आणि पेटवायला विसरायच्या. एकदा परसातून निघून थेट सात रस्त्याला पोचल्या. एका रिक्षावाल्यानं ओळखून आणून सोडलं. महेश्वर म्हणाले, "बाई ठेवू सोबतीला. पण कोंडायचं नाही. मी इतका दांडगट होतो, तिनं मला कधी कोंडलं नाही." मी हो म्हटलं. बाई मिळाली, दोन महिने टिकली, गेली. दुसरी शोधते म्हणाले आणि शोधली नाही. कडी फार सोपी होती. महेश्वर पहाटेच्या गाडीनं कुर्डुवाडीला जायचे ते रात्री यायचे. त्यांना कधी कळलं नाही. अक्कांनीही कधी सांगितलं नाही. त्या विसरत असतील, किंवा विसरत नसतीलही.

एप्रिलात शाळा सकाळची असते. सव्वासहाला भाकरी, पाण्याचा तांब्या आणि एक बादली आत ठेवायची, कडी लावायची, दुपारी बाराच्या आत परत येऊन काढायची. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाकीच्या बाई म्हणाल्या, गृहसजावटीचं प्रदर्शन लागलंय, चला. मी गेले. आत एसी होता. एका मॉड्युलर किचनसमोर मी तासभर उभी राहिले. त्याचा ड्रॉवर ढकलला की शेवटी आपोआप हळू व्हायचा आणि आवाज न करता मिटायचा. मी तो वीसेक वेळा तरी मिटवला असेल. मग सगळ्यांचं जेवण, मग उसाचा रस. अक्कांची आठवण झाली नाही असं मी म्हणणार नाही. झाली. वाटलं, एक दिवसानं काय होतंय. घरी पोचले तेव्हा चार वाजले होते.

कडी काढली आणि दार ढकललं. उघडेना. दार आत उघडतं. मला वाटलं लाकूड अडकलंय. खांदा लावून रेटलं. काहीतरी पलीकडं कलंडलं आणि दार उघडलं.

अक्का दाराला टेकून बसल्या होत्या. माझ्या रेट्यानं त्या आडव्या झाल्या. तेव्हा त्या गेलेल्या होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही. माझी समजूत आहे की गेलेल्या होत्या. अंग गरम होतं, पण त्या पत्र्याखाली सगळंच गरम होतं. तांब्या रिकामा होता.

मी त्यांना उचललं. वजन काहीच नव्हतं. समोरच्या भिंतीला, फोटोखाली टेकवून बसवलं, मांडी घातली, पदर सारखा केला. तांब्या भरून ठेवला. मग फोन केले.

आमच्या समाजात गेलेल्या माणसाला बसवून माती देतात. अंग आखडलेलं असलं की बसवताना घरच्यांचे फार हाल होतात, बघवत नाही. म्हणून जो बसल्या बसल्या जातो त्याचं लोकांना केवढं कौतुक. विधी करणारे जंगमस्वामी आले, अक्कांना पाहून त्यांनी हात जोडले. "माउली स्वतःच तयारीनं बसली. आम्हाला काही करावंच लागलं नाही," म्हणाले. बायका अक्कांच्या पाया पडायला रांगेनं उभ्या राहिल्या. त्या रांगेत मीही होते.

आणि शरणम्मा रडत रडत म्हणाल्या, "साडेबारापर्यंत भाकऱ्या थापत होती की गं यव्वा! मी बोळात धुणं धुवत ऐकत होते. शेवटपर्यंत हात थांबला नाही तिचा." ते ऐकून महेश्वरांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा जरा आराम आला. चार वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत आलेत. आमची अक्का, दुपारपर्यंत भाकऱ्या थापल्या, मांडी घालून बसली आणि गेली. सांगताना त्यांचा आवाज भरून येतो आणि मी चहा ठेवायला आत जाते.

त्या खोलीत ना पीठ होतं, ना परात. त्या दिवशी घरात भाकऱ्या किती निघाल्या, हे कुणीच बघितलं नाही.

६

जोतीराम गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी महेश्वर अकराच्या सुमाराला बाहेरून आले. स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, चप्पलही न काढता.

"जोतीरामचा फोन होता. यायचं नाही म्हणतो. काय बोललीस त्याला?"

"मी काही बोलले नाही."

"म्हणतो, आधी घरातल्या म्हातारीची सोय लावा. कुठली म्हातारी?" ते हसले. "तुलाच म्हणाला की काय?"

मी मेथी निवडत होते. हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात थाप आली. थप, थप, थप. आधी जोरात, मग सावकाश.

मी महेश्वरांकडे बघितलं. त्यांनाही ऐकू येत होतं. त्यांनी मान कलती केली आणि त्यांचा चेहरा इतका निवळला की मला बघवेना.

"शरणम्मा आल्या वाटतं अक्कलकोटहून," ते म्हणाले. "ऐकतेस का? अगदी अक्काच्या हाताची थाप. लहानपणी मी ह्या आवाजानंच जागा व्हायचो. वाटायचं, ती उठलीय, आता काळजी नाही."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. चार वर्षं मी सगळं गिळलं होतं, हेही गिळलं असतं, पण ते 'काळजी नाही' माझ्या घशाखाली उतरेना.

"ती भाकरी नाही," मी म्हणाले.

"मग?"

"तेव्हाही भाकरी नव्हती."

मी बोलायला लागले आणि थाप थांबली. मी सगळं सांगितलं. बाई गेल्याचं, कडीचं, सकाळच्या शाळेचं. मेथीची एक काडी मी सारखी तोडत होते, तिचे तुकडे तुकडे झाले. माझं संपल्यावर महेश्वरांनी एवढंच विचारलं,

"किती वेळ?"

"सव्वासहा ते चार."

"पाणी?"

"एक तांब्या."

"आणि तू कुठं होतीस?"

"प्रदर्शन बघायला. स्वयंपाकघरांचं."

त्यांनी आमच्या त्या चार दारांच्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. "अजून काही राहिलंय सांगायचं?"

इथं सांगता आलं असतं. ओठावर आलंही होतं.

"नाही," मी म्हणाले. "दार उघडलं तेव्हा त्या भिंतीला टेकून, मांडी घालून बसल्या होत्या. लोकांनी बघितलं तशाच."

एवढं एक तरी त्यांच्यापाशी राहू दे, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. ते मी माझ्यासाठी ठेवलं.

७

महेश्वर उठले. चष्मा काढून ओट्यावर ठेवला, मोबाइल ठेवला, अक्कांच्या दाराची कडी काढली आणि आत गेले. चार वर्षांनी पहिल्यांदा.

"कडी लाव," आतून म्हणाले.

"अहो, असं काय करता..."

"चार वाजता काढ."

"तुमची बीपीची गोळी राहिलीय. पत्रा तापतो आतला. हवं तर मला बसवा आत, मी बसते!"

"लाव म्हटलं ना."

संसारात त्यांनी माझ्याशी असा आवाज कधी लावला नव्हता. मी दार ओढून घेतलं आणि कडी लावली. हाताला काही सांगावं लागलं नाही.

मग मी स्टुलावर बसले. सव्वाअकरा वाजले होते. बारा वाजता ते खोकले. परसात कावळा ओरडत होता. मला वाटलं, चिडलेत, दुखावलेत, तासाभरानं हाक मारतील. वाटलं, दार तोडून माहेरी बार्शीला निघून जावं. दार तर माझ्याच हातात होतं, तोडायचं कशाला, हेही लक्षात आलं.

साडेबाराला त्यांचा आवाज आला. कन्नडमध्ये. अक्कांशी ते नेहमी कन्नडच बोलायचे, माझ्याशी मराठी. अक्का गेल्यापासून त्यांच्या तोंडून कन्नड शब्द ऐकला नव्हता.

"बा, अक्का," ते म्हणाले. "कुंद्रु."

ये, अक्का. बस. एवढं मला कळतं.

मी मनाची समजूत घातली. बहिणीच्या खोलीत भाऊ बसलाय, ऐकू नये ते ऐकलंय, दुःखानं बोलतोय. कुणीही बोलेल. एक माणूस, एक आवाज. मी लक्ष देऊन मोजलं, आवाज एकच होता. पण मधली अंतरं जमत नव्हती. आपल्याशीच बोलणारा माणूस श्वास घेण्यापुरता थांबतो. महेश्वर थांबले की थांबूनच राहायचे. समोरचं माणूस सावकाश बोलणारं असेल, शब्द शोधणारं असेल, तर आपण थांबतो तितकं. मग म्हणायचे, "हौदु. हौदु." हो, हो. एकदा ते हसले. एकदा, बराच वेळ, रडले. दोनच्या सुमाराला काहीतरी विचारलं, जोरात, आणि त्यानंतर जी शांतता झाली ती मला स्वयंपाकघरात बसून सहन होईना.

"अहो, पाणी देऊ का?" मी दाराशी जाऊन विचारलं.

"चार वाजता," ते म्हणाले. आवाज दुरून आला, खोलीच्या पलीकडच्या टोकाकडून.

मी जेवले नाही. मेथी तशीच पडली. माझ्या आतलं काहीतरी म्हणत होतं, जा, फाटक उघड, गल्लीतल्या चार लोकांना बोलाव. पण बोलावून सांगणार काय? नवरा खोलीत बसलाय आणि बाहेरून कडी मी लावलीय? साडेतीनला महेश्वर अगदी हळू आवाजात बोलत होते. आजारी माणसाला धीर देताना बोलतात तसे. मला एक शब्दही कळला नाही. त्यानंतर ते बोलले नाहीत.

चारला पाच मिनिटं कमी असताना मी उठले. घड्याळाकडे बघत उभी राहिले, परीक्षेत घंटेची वाट बघायचे तशी. चार वाजले. कडी काढली आणि दार ढकललं.

ते दोन बोटं आत गेलं आणि अडलं.

दगडासारखं नव्हे. मऊ वजन होतं, जरासं दबणारं. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. महेश्वर! पत्रा, उन्हं, न घेतलेली गोळी. दाराला टेकून बसले असणार आणि... "अहो!" मी ओरडले. खांदा दाराला लावला. पुन्हा तेच, देवा, पुन्हा माझ्याच हातून. जोर करायला श्वास घेतला आणि तेवढ्यात त्या दोन बोटांच्या फटीतून मला आत दिसलं.

महेश्वर समोरच्या भिंतीशी होते. फोटोखाली, मांडी घालून. धडधाकट. गाल ओले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, बसलेल्या माणसाचं डोकं जिथवर येईल तिथं बघत होते, आणि चेहऱ्यावर इतकी माया होती की मी खांदा काढून घेतला.

त्यांनी मला थांबवायला हात वर केला.

"हळू," ते म्हणाले. "अक्का टेकलीय. या वेळी रेटू नकोस."